सुरीआधीची दहा मिनिटं

१९९१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात एक शोधनिबंध आला. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये १९७५ ते १९८५ या काळात स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेल्या आणि त्या वेळी पाळी चालू असलेल्या २४९ बायकांच्या जुन्या फायली त्यासाठी तपासल्या होत्या. प्रश्न एकच विचारला होता: शस्त्रक्रिया पाळीच्या कितव्या दिवशी झाली? पाळीनंतरच्या तिसऱ्या ते बाराव्या दिवसात ज्यांच्यावर सुरी चालली, त्यांच्यातल्या शंभरापैकी ५४ जणी दहा वर्षांनी हयात होत्या. इतर दिवसांत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ८४. म्हणजे शंभरामागे तीस जणींचा फरक. कॅन्सरवरच्या भल्या भल्या औषधांना एवढा फरक पाडता येत नाही, आणि इथे तर औषधच नव्हतं. होती ती फक्त तारीख.

निबंधावर पहिलं नाव राजेंद्र बडवे यांचं होतं. मुंबईचा हा सर्जन तेव्हा गाइजमध्ये काम करत होता. पुढे परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलात त्यांनी आयुष्य काढलं, टाटा मेमोरियल सेंटरचे ते संचालक झाले, २०१३ साली पद्मश्री मिळाली. ते सगळं खरं, पण या प्रस्तावनेपुरता मला त्यांच्यात रस आहे तो वेगळ्या कारणासाठी. १९९१ च्या त्या आकड्यावर खूश होऊन ते थांबले असते तर कुणी त्यांना दोष दिला नसता. त्यांनी उलट केलं. ज्या संशयातून तो निबंध निघाला होता, त्याच संशयाला त्यांनी पुढची तीस वर्षं एकामागून एक अशा परीक्षांना बसवलं, आणि त्यातल्या दोन परीक्षांचा निकाल त्यांच्या मनासारखा लागला नाही.

संशय असा. गाठ काढताना ती हाताळली जाते, दाबली जाते, तिच्या आसपासच्या रक्तवाहिन्या कापल्या जातात. या धामधुमीत काही कॅन्सरपेशी रक्तात निसटत असणार. त्या मरतात की कुठल्या हाडात, फुप्फुसात जाऊन घर करतात, हे त्या घटकेला शरीरात काय चाललंय यावर ठरत असेल का? पाळीच्या पहिल्या निम्म्या काळात रक्तात इस्ट्रोजेन असतं आणि त्याला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन जवळजवळ नसतं. म्हणून ते दिवस वाईट, असा तर्क. सर्जनने स्वतःच्याच कामाविषयी असा प्रश्न विचारणं ही तशी अवघड गोष्ट आहे. आपण रोग काढतो म्हणताना आपल्याच हातून तो पसरतोय का, असं विचारण्यासारखंच ते आहे.

आता या निष्कर्षावर विश्वास का ठेवू नये, तेही पाहू. फायली जुन्या होत्या. शेवटची पाळी कधी आली ही नोंद कुणी नीट केली होती, कुणी अंदाजाने. ‘तिसरा ते बारावा दिवस’ ही कुंपणं कुठे घालायची हे ठरवणाऱ्यांच्या हातात आकडे आधीपासून होते. दुसरीकडे घातली असती तर फरक किती उरला असता? इतर देशांतल्या डॉक्टरांनी आपापल्या फायली काढून हाच हिशोब केला तेव्हा काहींना फरक दिसला, काहींना दिसला नाही, काहींचे तर वाईट दिवसच वेगळे निघाले. अशा वादात फायली वाढवून उपयोग नसतो. प्रश्न उलटा विचारावा लागतो: मागे काय झालं ते न पाहता, आपण पुढे काही करू आणि काय होतं ते बघू.

या पुस्तकात अशा ‘पुढे बघणाऱ्या’ चाचण्यांच्या कहाण्या आहेत. बहुतेक परळमध्ये घडलेल्या, आणि त्यांच्यामागचं गणित मराठीत समजावून सांगणाऱ्या. कॅन्सरवर मराठीत पुस्तकं कमी नाहीत. पण ती बहुतकरून दोन प्रकारची: रुग्णाने झुंज दिल्याची आणि ‘हे खा, ते टाळा’ सांगणारी. अमुक उपचार चालतो हे डॉक्टरांना मुळात कळतं कसं, या प्रश्नाला हात घालणारं लेखन मला फार कमी भेटलं आहे. आणि घरात कुणाला हा आजार झाला की वाचकाला नेमकं तेच हवं असतं. डॉक्टर म्हणाले केमो द्यायची, कशावरून?

उत्तराची सुरुवात सोडतीपासून होते. रुग्णांचे दोन गट करायचे, एकाला नवा उपचार, दुसऱ्याला चालू उपचार. आणि कोण कुठल्या गटात जाणार हे डॉक्टरने, रुग्णाने, नातेवाइकांनी, कुणीच ठरवायचं नाही. ते नशिबाने ठरायचं. १९४७ साली ब्रिटनमध्ये ब्रॅडफर्ड हिल यांनी क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी अशी बंद लिफाफ्यांनी केली. १०७ रुग्ण होते. महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये औषध इतकं अपुरं होतं की सगळ्यांना देणं शक्यच नव्हतं, त्यामुळे सोडत हा अन्याय वाटण्याऐवजी त्यातल्या त्यात न्याय वाटला. भारतात हे फार लवकर आलं, ही गोष्ट आपण विसरून गेलो आहोत. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोग्यांची अशीच विभागणी झाली: निम्मे सॅनेटोरियममध्ये, निम्मे आपल्या कोंदट घरी, गोळ्या दोघांनाही त्याच. १९३ रुग्ण. घरी राहिलेले जवळजवळ तितकेच बरे झाले आणि त्यांच्यापासून घरच्यांना क्षय जास्त झाला असंही दिसलं नाही. त्या निकालानंतर जगभर सॅनेटोरियमं ओस पडत गेली. मिरजेच्या, पाचगणीच्या हवेत क्षयरोग्याला महिनोन्‌महिने ठेवण्याची पद्धत ज्यांच्या घरच्या आठवणींत आहे, त्यांनी ती मोडल्याचं एक कारण मद्रासच्या त्या चिठ्ठ्यांत शोधावं.

चिठ्ठ्यांनी उपचार ठरतो हे ऐकून माणूस बिथरतो. बिथरायलाच हवं. ‘डॉक्टर, तुम्हाला काय योग्य वाटतं ते करा’ असं म्हणत हात जोडणाऱ्या माणसाला ‘मला ठाऊक नाही, म्हणूनच सोडत काढतोय’ असं सांगणं कठीण असतं. आपल्याकडे डॉक्टरने ठाऊक नाही म्हणणं हे अर्ध्या पराभवासारखं मानतात. पण चाचणीला नैतिक आधार तेवढाच आहे: दोन्हींपैकी बरं कोणतं, हे खरोखर कुणालाच माहीत नसलं पाहिजे. ज्याला आतून खात्री आहे त्याने सोडत काढू नये.

बडवे आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली टाटामध्ये अशी सोडत सुरू केली. पाळीच्या तारखेची वाट पाहण्यापेक्षा त्यांनी एक साधी युक्ती काढली. प्रोजेस्टेरॉनची उणीव हाच दोष असेल तर ते बाहेरून द्यावं. शस्त्रक्रियेआधी ५ ते १४ दिवस हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनचं ५०० मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन; निम्म्या बायकांना द्यायचं, निम्म्यांना नाही. हजार बायका भरायला दहा वर्षं लागली. मग वाट पाहणं.

या वाट पाहण्याचंही एक गणित आहे आणि पुस्तकाचं एक संपूर्ण प्रकरण त्यासाठी राखलेलं आहे. ते चुकवू नये. अडचण अशी की सगळ्या रुग्णांची गोष्ट पूर्ण होईपर्यंत थांबलं तर संशोधकच हयात राहणार नाहीत. कुणी गेल्या वर्षी चाचणीत आली, कुणी नऊ वर्षांपूर्वी. कुणी उपचार संपवून बिहारला, बंगालला परत गेली आणि तिसऱ्या वर्षानंतर तिचा पत्ताच नाही. परळच्या फुटपाथवर, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्काम केलेली ही माणसं. फॉलो-अपसाठी दोन दिवसांचा रेल्वेप्रवास करून प्रत्येकजण येईलच असं नाही. तिला मेली म्हणायचं की जिवंत? दोन्ही खोटं. १९५८ साली एडवर्ड कॅप्लान आणि पॉल मायर यांनी यावर एक सोपा हिशोब मांडला: जितका काळ तिची माहिती आहे तितका काळ तिला हिशोबात धरायचं, त्यापुढे गुपचूप वगळायचं. मायर वैद्यकात काम करत होते. कॅप्लान बेल लॅब्जमध्ये समुद्राखालच्या टेलिफोन तारांमधल्या व्हॅक्यूम ट्यूब किती दिवस टिकतात याचा अभ्यास करत होते. दोघांनी स्वतंत्रपणे लिहिलेले निबंध एकाच नियतकालिकाकडे पोहोचले आणि ते एकत्र करा असं सांगण्यात आलं. त्या जुळवाजुळवीत काही वर्षं गेली. आज कॅन्सरच्या कुठल्याही निबंधात पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारी जी रेघ दिसते ती यांची. समुद्रतळावरची काचेची नळी आणि परळमधली बाई एकाच रेघेवर मोजता येते, याचं मला अजूनही नवल वाटतं.

प्रोजेस्टेरॉनचा निकाल २०११ साली छापून आला. इंजेक्शन घेतलेल्यांपैकी पाच वर्षांनी रोगमुक्त असलेल्या शंभरात ७३.९, न घेतलेल्यांपैकी ७०.२. फरक दिसतो, पण नुसत्या योगायोगानेही एवढा फरक सहज पडू शकतो. हयात असलेल्यांच्या आकड्यांत तर त्याहूनही थोडा. १९९१ चे ते तीस टक्के कुठे आणि हे कुठे! मूळ प्रश्नाचं उत्तर ‘सिद्ध झालं नाही’ असंच होतं.

पण त्याच निबंधात एक आतला आकडा होता. ज्या ४७१ बायकांच्या काखेतल्या गाठींपर्यंत रोग पोहोचला होता, फक्त त्यांचा वेगळा हिशोब केला तर रोगमुक्त राहिलेल्या शंभरात ६५.३ विरुद्ध ५४.७. हयात ७५.७ विरुद्ध ६६.८. आणि हा फरक योगायोगाचा मानणं अवघड जावं इतका होता. मग काय समजायचं?

इथे १९८८ साली छापलेल्या एका चाचणीची आठवण काढायलाच हवी, कारण आपल्याकडच्या वाचकाला ती विशेष आवडेल. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ॲस्पिरिन द्यावं का, हे १७,१८७ रुग्णांवर तपासलं होतं. ॲस्पिरिनचा फायदा निःसंशय दिसला. मग संपादकांपासून सगळ्यांचं सुरू झालं: म्हाताऱ्यांत किती, बायकांत किती, मधुमेह्यांत किती? ऑक्सफर्डच्या रिचर्ड पीटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग राशींप्रमाणेही हिशोब करून छापला. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिनने अपायच झालेला दिसला, उरलेल्या दहा राशींना भरघोस फायदा. (राशी अर्थातच पाश्चात्त्य, जन्मतारखेवरून; आपल्या पंचांगाने केल्या असत्या तर दुसऱ्याच कुणावर संक्रांत आली असती.) मुद्दा इतकाच होता: रुग्णांचे पुरेसे तुकडे करत गेलं की कुठल्या तरी तुकड्यात काहीही दिसतं.

काखेतल्या गाठी म्हणजे राशी नव्हेत. तिथे रोग जास्त असतो, निसटणाऱ्या पेशीही जास्त असाव्यात, म्हणजे तर्काला धरून आहे. मला व्यक्तिशः तो आकडा फेकून देण्यासारखा वाटत नाही. पण तर्काला धरून असलेले आकडेच जास्त फसवतात, कारण त्यांना आपण दारातून हटकत नाही. त्या उपगटासाठी नवी सोडत काढल्याखेरीज त्यावर उपचार उभारू नये, असं माझं मत आहे, आणि या पुस्तकातली मांडणीही जवळपास तशीच आहे.

दुसरी परीक्षा जास्त बोचरी होती. स्तनाचा कॅन्सर हाडांत, यकृतात, फुप्फुसांत पसरलेला असताना बाई पहिल्यांदा डॉक्टरकडे येते, हे आपल्याकडे दुर्मीळ नाही. स्टेज फोर. रोग शरीरभर गेल्यावर स्तनातली मूळ गाठ काढून काही उपयोग आहे का? जुनी समजूत ‘नाही’ अशी होती. मग २००२ साली अमेरिकेतल्या अशा १६ हजारांवर रुग्णांच्या नोंदी तपासून शिकागोच्या सर्जन सीमा खान यांनी दाखवलं की गाठ काढलेल्या बायका न काढलेल्यांपेक्षा जास्त जगल्या. पाठोपाठ तसेच निबंध येत राहिले. आकडे प्रचंड, फरक ठळक. जगभरचे सर्जन स्टेज फोरच्या गाठी काढू लागले.

नीट बघा, शस्त्रक्रिया कुणाची होते? जी धडधाकट आहे तिची. जिचा रोग एकाच हाडात आहे तिची. जिच्या यकृताची चाळण झाली आहे तिची नाही. केमोने जिला गुण आला तिची. आणि जी शस्त्रक्रियेच्या तारखेपर्यंत जगली तिची: जी चार महिन्यांत गेली, ती आपोआप ‘शस्त्रक्रिया न झालेल्यां’च्या यादीत जाऊन बसली. सर्जनने जगणाऱ्या बायका निवडल्या आणि मग शस्त्रक्रियेने त्या जगल्या असं म्हटलं. १६ हजार नोंदींनी ही चूक सुधारत नाही. त्या ती चूक जास्त ठामपणे सांगतात, एवढंच.

टाटाने फेब्रुवारी २००५ ते जानेवारी २०१३ या काळात ३५० बायकांवर सोडत काढली. आधी केमो, तिला गुण आला की मग सोडत. रोग कुठे पसरलाय, किती ठिकाणी, हॉर्मोनचं उत्तर काय, हे पाहून दोन्ही गटांत सारख्या बायका येतील अशी काळजी घेतलेली. १७३ जणींची गाठ काढली, १७७ जणींची ठेवली. निकाल: गाठ काढलेल्यांचं मध्यक आयुष्य १९.२ महिने, न काढलेल्यांचं २०.५. फायदा शून्य. आणि आतमध्ये एक अस्वस्थ करणारी रेघ: गाठ काढल्यावर छातीवर रोग परत उगवणं खूप कमी झालं, पण दूरच्या अवयवांतला रोग मात्र काढलेल्यांत जास्त वेगाने वाढताना दिसला. १९९१ चा तोच संशय दुसऱ्या दारातून आत आला होता.

आक्षेप आले, आणि ते रास्त होते. ज्यांना ट्रास्टुझुमॅब हे महाग औषध लागू पडलं असतं, त्यांतल्या बहुतेकींना ते परवडलं नव्हतं; श्रीमंत देशांतल्या रुग्णांना हा निकाल कसा लावायचा? तुर्कस्तानातल्या एका चाचणीत गाठ काढलेल्या जास्त जगताना दिसल्या, पण तिथे दोन गट सुरुवातीपासून समतोल नव्हते. अमेरिकेतही सोडतीची चाचणी झाली, २५६ बायकांवर, आणि तिचं नेतृत्व केलं सीमा खान यांनीच. २०२० साली त्यांनीच निकाल सांगितला: तीन वर्षांनी हयात ६८.४ विरुद्ध ६७.९. फरक नाही. स्वतःच्या गाजलेल्या निबंधाला स्वतःच आखलेल्या चाचणीने खोडणं, यापेक्षा मोठी शास्त्रीय सभ्यता मला सांगता येणार नाही.

मधल्या काळात परळमधून बाहेर पडलेल्या इतर चाचण्यांचं मी धावतं वर्णन करतो, कारण पुस्तकात त्या विस्ताराने आहेत. तोंडाच्या कॅन्सरमध्ये मानेत गाठ लागत नसली तरी मानेतल्या ग्रंथी आधीच काढाव्यात की वाट पाहावी, हा सर्जनांचा पन्नासेक वर्षांचा वाद अनिल डिक्रूझ यांच्या चाचणीने २०१५ साली मिटवला: तीन वर्षांनी हयात शंभरात ८० विरुद्ध ६७.५. तंबाखू-गुटख्याने ज्या देशाचं तोंड जाळलं, त्याच देशाने हा प्रश्न सोडवावा हे योग्यच झालं. डोकं-मानेच्या हाताबाहेर गेलेल्या कॅन्सरमध्ये निव्होलुमॅब या अतिमहाग औषधाचा अगदी छोटा डोस, तीन आठवड्यांतून २० मिलिग्रॅम, १५१ रुग्णांच्या चाचणीत दिला तेव्हा एका वर्षाने हयात असलेले १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. नेहमीचा डोस याच्या दहापटीहून जास्त आहे. छोट्या डोसची चाचणी औषध विकणारा कशाला करेल?

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर मात्र थोडं थांबायला हवं. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून दीड लाखाहून जास्त बायकांची चाचणी झाली. दहावी शिकलेल्या आरोग्यसेविकांनी पातळ ॲसेटिक ॲसिड लावून, पांढरा पडणारा भाग डोळ्यांनी पाहून तपासणी करायची, दर दोन वर्षांनी. बारा वर्षांनी या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. पण त्याच सुमारास बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या मदतीने तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या ४९७ गावांत १,३१,७४६ बायकांवर दुसरी चाचणी झाली, तिथे एकदाच केलेल्या ॲसेटिक ॲसिडच्या तपासणीने मृत्यू खात्रीलायक कमी झाले नाहीत. एचपीव्ही विषाणूच्या एकाच तपासणीने मात्र ते जवळजवळ निम्मे झाले. दोन निकालांचा मेळ कसा घालायचा, यावरचं प्रकरण पुस्तकातलं मला सर्वांत आवडलेलं.

आणि सर्वांत त्रास देणारंही. दोन्ही ठिकाणी हजारो बायका ‘तुलनेच्या’ गटात होत्या. त्यांना माहिती दिली, तपासणी केली नाही. काही जणी त्या कॅन्सरने गेल्या. परदेशातून टीका झाली की पाश्चात्त्य देशांत दशकानुदशकं तपासणी चालू असताना इथे ‘काहीच नाही’ असा गट ठेवणं अनैतिक होतं. संशोधकांचं म्हणणं, या बायकांना चाचणीबाहेरही काहीच मिळत नव्हतं, आणि परवडेल अशी पद्धत इथे चालते हे दाखवल्याशिवाय सरकार हलणार नव्हतं. दोन्ही बाजू खऱ्या आहेत आणि मला त्यांची बेरीज जमत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या शंभरात दोघीही नव्हत्या. टीकाकारांना मी हा आकडा दाखवीन. आणि संशोधकांनाही, ‘सरकार हलेल’ म्हणाले होते म्हणून.

आता तिसरी परीक्षा. २०११ ते २०२२, देशातली ११ केंद्रं, १,६०० बायका, त्यांतल्या १,५८३ जणींचा हिशोब. शस्त्रक्रियेसाठी बाईला पूर्ण भूल दिल्यावर, सुरी लावण्याच्या सात ते दहा मिनिटं आधी, गाठीच्या चहूबाजूंनी अर्धा टक्का लिग्नोकेनचं इंजेक्शन. दाढ काढताना दंतवैद्य हिरडीत टोचतो तेच. कशासाठी? तर पेशींच्या आवरणात सोडियमची ये-जा करणारी दारं असतात, हलत्या-सरकत्या कॅन्सरपेशी ती वापरतात असं प्रयोगशाळेत दिसलं होतं, आणि लिग्नोकेन ती दारं बंद करतं. बंद केली तर सुरी चालताना निसटणारी पेशी कदाचित निसटणार नाही. पाच वर्षांनी रोगमुक्त शंभरात ८६.६ विरुद्ध ८२.६. हयात ९०.१ विरुद्ध ८६.४.

चार टक्के! १९९१ च्या तिसांपुढे हे चिल्लर वाटेल. पण हा फरक टिकण्यासारखा आहे, तो तिसांचा नव्हता. पंचवीस बायकांना इंजेक्शन दिलं तर पाच वर्षांत एकीचा रोग उलटणं किंवा मृत्यू टळतो, असा त्याचा सरळ अर्थ. चाचणी दोनशे बायकांवर केली असती तर? शंभर-शंभरच्या दोन गटांत काहीही न करता, नुसत्या योगायोगाने, पाच-पाच टक्क्यांचा हेलकावा सहज पडतो. त्यात हे चार बुडून गेले असते. आठशे-आठशेच्या गटात तो हेलकावा दोन टक्क्यांच्या आत येतो, म्हणून चार दिसले. रिचर्ड पीटो यांचं सत्तरच्या दशकापासूनचं सांगणं हेच होतं: चमत्कार क्वचित घडतात, कॅन्सरमधले खरे फायदे लहान असतात, आणि लहान फायदा दिसायला माणसं खूप लागतात. अकरा वर्षं का लागली याचं उत्तर या गुणाकारात आहे.

शंका आहेत. न टोचलेल्या गटाला खोटं इंजेक्शन दिलं नव्हतं. कुणाला काय मिळालं हे सर्जनला ठाऊक होतं. टोचण्याने गाठीभोवतीचा भाग फुगतो, त्याचाच काही परिणाम असेल का? सोडियमच्या दारांची गोष्ट खरी की नंतर जुळवलेली? मला यांतली पहिली शंका सर्वांत वजनदार वाटते, जरी पाच वर्षांनी बाई हयात आहे की नाही हे कुणाच्या पूर्वग्रहाने बदलत नसलं तरी. ही चाचणी दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या देशात, दुसऱ्या सर्जनांच्या हातून करायला हवी. अडचण अशी की लिग्नोकेनची बाटली काही रुपयांना मिळते, तिचं पेटंट केव्हाच संपलंय, आणि हजारो बायकांवर दहा वर्षं चालणाऱ्या अशा चाचणीचा खर्च उचलायला कुठलीही औषधकंपनी पुढे येणार नाही. तो सरकारी पैशानेच व्हायला हवा.

वाचकाला दोन सूचना. आकड्यांची भीती वाटणाऱ्यांनी सोडतीवरचं आणि स्टेज फोरवरचं, अशी दोन प्रकरणं आधी वाचावीत आणि मग मागे यावं. कॅप्लान-मायरची रेघ तोवर आपोआप ओळखीची होते. आणि ज्यांच्या घरात सध्या हा आजार आहे, त्यांनी पुस्तकातला कुठलाही आकडा आपल्या माणसाला थेट लावू नये. ते शंभरातल्या अमुक जणींचे आकडे आहेत. आपली बाई त्या शंभरात कुठे बसते हे तिची फाइल पाहणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावं. विचारताना, ‘तुलना कुणाशी केली होती?’ हेही विचारायला हरकत नाही. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.